बस्सीचं मत

पंढरीनाथ काळमेघ यांच्या घरी दर तीन वर्षांनी महिनाभर माणसं येतात. एरवी दूधवाला येतो, विजेचं बिल टाकणारा येतो आणि मोर येतात. मोरांना ते बाजरी टाकतात. पण मोर खातात आणि निघून जातात, बसत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे.

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याला लागलं की तासाभरात बस्सी येतं. गाव मागे टाकून थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला शेतात एक बैठं पांढरं घर दिसतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर पंढरीनाथांनी ते बांधलं, कारण त्यांच्या पत्नीला, जयंतीबाईंना, मोकळं आवडायचं. जयंतीबाई त्या मोकळ्यात जेमतेम दोन उन्हाळे राहिल्या आणि गेल्या. एकुलती एक मुलगी संपदा अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात. हे मूळचे अकोल्याचे. बदल्या होत होत इथवर आले आणि इथंच थांबले. बोलण्यातला ‘जी’ मात्र अकोल्याचाच. जयपुरातल्या लोकांना वाटतं, हा त्यांनी इथं उचलला.

माझी त्यांची ओळख जयपूरच्या मराठी मंडळातली. मी मधुमती. पुष्कळ वर्षं नाटकात कामं केली, गावोगाव फिरले, आणि आता जयपूरच्या मानसरोवर भागात मुलाकडे असते. मंडळात गणपतीला मला एखादा प्रवेश करून दाखवायला सांगतात. तरुण मुलं मोबाईलवर तो टिपून घेतात. टिपताना ती पाहतात का, हे मला अजून कळलेलं नाही. पंढरीनाथ मात्र पाहायचे. दुसऱ्या रांगेत कडेला बसायचे आणि संपल्यावर जवळ येऊन एवढंच म्हणायचे, “चांगलं झालं जी.” मग बस चुकायला नको म्हणून जेवायच्या आधीच निघायचे. बस्सी लांब पडतं ना.

ते लांबचं बस्सी मंडळात इतकं महत्त्वाचं कसं झालं, ते आधी सांगायला हवं.

मंडळाची घटना फार जुनी आहे. ज्यांनी लिहिली त्यांना भीती होती की ज्या भागात मराठी घरं जास्त, तो भाग बाकीच्यांना कायमचा गिळून टाकेल. म्हणून त्यांनी तीन विभाग केले: शास्त्री नगर, मानसरोवर आणि बस्सी. एका घराला एक मत. ज्या विभागात ज्या उमेदवाराला जास्त घरं मिळतील, तो अख्खा विभाग त्याचा. आणि ज्याचे दोन विभाग, तो अध्यक्ष. तेव्हा बस्सीकडे एक मोठं सरकारी काम चालू होतं आणि मराठी कुटुंबं भरपूर होती. काम संपलं, कुटुंबं गेली, घटना राहिली.

आज शास्त्री नगरात जुनी घरं आहेत, विमा आणि सरकारी खात्यांतून निवृत्त झालेल्यांची. ती सगळी एका बाजूला. मानसरोवरात नवी मुलं, कंपन्यांत कामं करणारी, घरं तिप्पट. ती सगळी दुसऱ्या बाजूला. शास्त्री नगर एकाचं, मानसरोवर दुसऱ्याचं, हे मतदानाच्या आधीच ठरलेलं असतं. उरतं बस्सी. बस्सीत आता मराठी घरं तीन. एक मिताली आणि कौशिकचं. दोघं तिथल्याच एका कारखान्यात कामाला आणि मन मानसरोवरात. दुसरं सुवर्णाताईंचं. त्या शास्त्री नगरच्या उमाकांतरावांच्या मेहुणी, त्यामुळे त्यांचंही ठरलेलं. राहिलं तिसरं घर.

म्हणून दर तीन वर्षांनी महिनाभर पंढरीनाथांकडे माणसं यायची.

एकदा शास्त्री नगरची गाडी, की दुसऱ्या दिवशी मानसरोवरची. कोणी तिळगुळाची गजक आणायचं, कोणी फिणीची मिठाई, कोणी तब्येतीची चौकशी. पंढरीनाथ पोहे करायचे, वरून दाणे आणि कोथिंबीर. प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या त्यांनी त्यासाठीच घेऊन ठेवल्या होत्या. त्या महिन्यात ते दूध दुप्पट घ्यायचे. दूधवाला रणजीत मापं ओतताना विचारायचा, “बाबूजी, चुनाव आ गया क्या?” आणि पंढरीनाथ लाजून म्हणायचे, “हां भैया, आ गया.”

येणाऱ्यांचं सगळं ते ऐकून घ्यायचे. आणि शेवटी, चपला घालता घालता पाहुण्यानं विचारलंच की, “मग काका, आमच्याकडे ना?” तर म्हणायचे, “बघू.”

या ‘बघू’ची मंडळात फार थट्टा व्हायची. जयपुरात वाढलेल्या मुलांना तर तो शब्द सुवर्णाताईंनी शिकवूनच ठेवला होता. “मराठी माणूस ‘बघू’ म्हणाला ना, की समजायचं ‘नाही’. तोंडावर नाही म्हणत नाही आपण.”

मला वाटायचं, पंढरीनाथांचं ‘बघू’ ‘नाही’ नसतं आणि ‘हो’ही नसतं. ते ‘पुन्हा या’ असतं.

यात मला नवल वाटलं नाही, कारण हे मी रंगमंचावरून पाहिलेलं आहे. आमचे दौरे असायचे तेव्हा काही गावं हक्काची होती. पडदा वर गेला की टाळी. काही गावं अशी की तुम्ही जीव टाकलात तरी हात गुडघ्यांवरून हलायचे नाहीत. दोन्हीकडे नट थोडा सैल खेळतो, मग तो कबूल करो वा न करो. खरा खेळ व्हायचा मधल्या गावांत, जिथं काय होईल सांगता यायचं नाही. आणि तिथंही सगळ्या थिएटरात एखादा माणूस असतो, ज्याच्या चेहऱ्यावर अजून काही उमटलेलं नसतं. अख्खी कंपनी नकळत त्या एका माणसासाठी खेळायला लागते. हसणाऱ्यांकडे कोणी बघत नाही. तो माणूस काही फार रसिक असतो असं नाही. तो ठरलेला नसतो, एवढंच.

पंढरीनाथांना हे कळलं ते मात्र अमेरिकेकडून.

गेल्या अमेरिकी निवडणुकीच्या दिवसांत संपदा फोनवर वैतागलेली असायची. दारावरची घंटा दिवसभर वाजते, म्हणे. हातात पत्रकं घेऊन पोरंपोरी येतात, म्हातारे येतात, दोन्ही बाजूंचे येतात. पत्रपेटी भरून वाहते. टीव्ही लावायची सोय नाही. तिची मैत्रीण कॅलिफोर्नियात राहते, तिच्याकडे कोणी फिरकतसुद्धा नाही.

“मी विचारलं तिले, काहून बावा असं?” पंढरीनाथांनी मला एकदा सविस्तर सांगितलं होतं. त्या दिवशी मंडळाचं जेवण दुपारचं होतं आणि बसला वेळ होता. “तर म्हणे, बाबा, इथं सगळ्या देशाची मतं एका ढिगात टाकून मोजत नाहीत. राज्याराज्यानं मोजतात. राज्यात जो पुढं, त्याला त्या राज्याचा सगळा वाटा. बहुतेक राज्यांत असंच. मागं पडला त्याले काही नाही. मग कॅलिफोर्नियात एक बाजू पक्की आहे न, तिथं आणखी लाखभर मतं मिळवून करायचं काय? वायाच जातील. आणि दुसऱ्या बाजूनं तरी तिथं कशाला मेहनत करायची? हरायचंच आहे. दोघंही मग तिकडंच पळतात, जिथं काटा हलून राहिला.”

“म्हणजे पेनसिल्व्हेनिया हे त्यांचं बस्सी,” मी म्हटलं.

ते इतके हसले की ताटातली कढी सांडली. “बराबर बोललात! फक्त ते लई मोठं हाय जी, आम्ही तीन घरं. पण पाह्या, मोठं असणं हे काही कारण नाहीच. बाकीचे पक्के आहेत म्हणून कच्च्याले भाव.”

“म्हणजे तुम्ही कच्चा लिंबू.”

“कच्चा लिंबू कोणी खेळात धरत नाही. मला तर दोघं बी ओढून राहिले!”

मग हसू ओसरलं आणि ते म्हणाले, “निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी संपदाचा फोन आला. म्हणे, बाबा, किती शांत वाटून राहिलं आता. कोणी येत नाही, जात नाही. खूश होती पोरगी.” आणि ते ताटातली सांडलेली कढी बोटानं पुसत बसले. ती खूश कशी होती, हे त्यांना कळलं नव्हतं.

या वर्षीची निवडणूक होळीनंतरच्या रविवारी होती. शास्त्री नगरकडून उमाकांतराव उभे होते. मानसरोवरकडून अभिजित. अभिजितचे वडील बँकेच्या बदलीवर इथं आले तेव्हा तो पाळण्यात होता. मराठी बोलतो, पण प्रत्येक वाक्याआधी एक पायरी चढल्यासारखा क्षणभर थांबतो. मुलगा गुणी. त्याचं म्हणणं एकच होतं: हे विभाग बंद करा. एक घर, एक मत, सगळी मतं एकत्र मोजा आणि तीही मोबाईलवर. उमाकांतरावांचं म्हणणं होतं, घटनेला हात लावायचा नाही.

म्हणजे पंढरीनाथांपुढे या वेळी नुसता अध्यक्ष निवडायचा नव्हता. अभिजित आला, तर बस्सीचं वजन कायमचं संपणार होतं. पुढच्या निवडणुकीला आग्र्याच्या रस्त्यानं कोणतीच गाडी येणार नव्हती. उमाकांतराव आले, तर दर तीन वर्षांनी महिनाभर खुर्च्या भरणार होत्या. आणि हे ठरवायचं त्यांनीच होतं. मंडळात सगळे हसत म्हणत, “काका काय स्वतःचं दुकान बंद करणार आहेत?”

महिना रीतसर सुरू झाला. उमाकांतराव दोनदा जाऊन आले. अभिजित एकदा जाऊन आला. दुसऱ्या खेपेला म्हणाला, “आजी, तुम्ही पण चला ना. मतलब, सीनियर कोणी असलं की काकांना बरं वाटतं.” मलाही बरं वाटलं असतं. गेले.

पंढरीनाथ गेटशीच उभे होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. खुर्च्या कडुलिंबाखाली मांडलेल्या, सहाच्या सहा, आम्ही दोघंच असूनही. मी म्हटलं, आज चहा मी करते. त्यांनी फार आढेवेढे घेतले. “पाहुण्यानं चहा करायचा म्हणजे...” मी म्हटलं, नाटकवाल्यांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघराची सवय असते, आणि आत शिरले.

ओट्यावर सगळं जागच्या जागी होतं. जयंतीबाईंच्या हातच्या चिठ्ठ्या अजून डब्यांवर होत्या, शाई उडालेली. कप धुऊन पालथे घातलेले. एक कप वेगळा, कडेला. तो रोजचा असणार.

चहा घेऊन बाहेर आले तर अभिजित उठून उभा होता, हातात गाडीची किल्ली. पंढरीनाथही उभे, एक हात अर्धवट पुढे, काही हातातून पडल्यासारखा. अभिजितनं चहा उभ्या उभ्या संपवला, वाकून नमस्कार केला आणि निघाला. पंढरीनाथ गेटपर्यंत आले. काहीतरी विचारायचं होतं त्यांना, पण गाडी सुरू झाली होती.

“गेलं, आजी,” रस्त्याला लागल्यावर अभिजित म्हणाला. “बस्सी गेली.”

“काय झालं?”

“मी ॲप काढलं, म्हटलं काका, हे बघा, असं व्होट होणार. आणि काका एकदम म्हणाले, ‘बघू.’ अजून मी बोललोच नव्हतो पूर्ण!”

“कसं म्हणाले?”

“कसं मतलब? बघू. देखेंगे.”

“हात पुढे केला होता?”

“केला ना. असा.” त्यानं स्टिअरिंगवरचा एक हात उचलून दाखवला. तळवा वर.

मला हसावं की रडावं कळेना. “अरे बाळा, तळवा वर करून ‘बघू’ म्हटलं की ते ‘दाखव’ असतं. ‘आण इकडे, बघू दे.’ त्यांनी तुझा फोन मागितला.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एखाद्या जुन्या नाटकातलं वाक्य म्हणतेय. “आजी, एकच शब्द. एकदा ‘नाही’ आणि एकदा ‘दाखव’? असं कसं असेल?”

“हात बघायचा असतो.”

“आजी, तुम्ही नाटकवाले! हातात काय काय बघता!” तो मनापासून हसला. “सुवर्णाकाकूंनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. काकांचं ‘बघू’ म्हणजे फुलस्टॉप.”

“गाडी वळव. पाच मिनिटं लागतील.”

“टोलच्या पलीकडे आलो आपण. आणि मानसरोवरात किती घरं बाकी आहेत अजून!”

“मानसरोवरात तू एक घर जास्त मिळवलंस काय आणि शंभर मिळवलीस काय. विभाग एकच.”

“पता है, आजी,” तो जरा दुखावून म्हणाला. “म्हणूनच तर बदलायचंय. माझ्या घराच्या मताला काही किंमतच नाही. कोणी येत नाही आमच्याकडे मागायला.”

 खरंच होतं ते.

बातमी आमच्या आधी पोहोचली. अभिजितनं बस्सी सोडली, हे त्याच्याच फोनवरून कौशिकला वाटेतच कळलं, कौशिककडून सुवर्णाताईंना, आणि संध्याकाळी शास्त्री नगरात. उमाकांतराव म्हणाले म्हणे, “मग पंढरीनाथ आपलेच झाले. उगाच आता त्यांना त्रास कशाला?” ज्यांना वाटलं बस्सी हातचं गेलं, त्यांनी जाणं सोडलं. ज्यांना वाटलं हाती आलं, त्यांनीही सोडलं.

मतदानाला आठवडा होता. मी फोन केला.

“कोणी येऊन नाही राहिलं जी यंदा,” पंढरीनाथ म्हणाले. “तारीख बदलली काय?”

“नाही. रविवारीच आहे.”

“मग काहून?”

मी सांगितलं. दोघांनाही वाटतं, तुमचं ठरलंय.

“माझं? मी तर काही बोललोच नाही.”

“बोललात. ‘बघू’ म्हणालात.”

 मग ते हळूच म्हणाले, “ते तर मी फोन मांगत होतो. चष्मा बी काढून ठेवला होता जवळचा.”

“मला माहीत आहे. मी सांगितलं त्याला, पटलं नाही. तुम्ही म्हणालात तर पुन्हा सांगते. आत्ता सांगते. धावत येईल.”

“नको.”

“का हो?”

“येईल, पोहे खाईल, मत मांगेल. ते तर माहीत हाय मला. हे माहीत नाही. मत पक्कं झाल्यावर घर कसं राहते, ते मी कधी पाह्यलंच नाही. राहू द्या एवढे दिवस.”

ते दिवस कसे गेले ते त्यांनी मला फार सांगितलं नाही. खुर्च्या उन्हानं पिवळ्या पडतील म्हणून एकेक करून आत नेल्या, एवढं म्हणाले. पोह्यांचं आणलेलं सामान मिताली-कौशिकला नेऊन दिलं. मिताली दारातच म्हणाली, “अय्या, काका, तुम्ही? काही काम होतं का?” ते म्हणाले, काही नाही, आणि परत आले.

रविवारी मानसरोवरातल्या एका शाळेत मतदान होतं. दर वेळी पंढरीनाथांना आणायला दोन गाड्या जायच्या आणि कोणाच्या गाडीत बसायचं यावरून गेटशी गोड भांडण व्हायचं. या वेळी मानसरोवरवाल्यांना वाटलं शास्त्री नगरवाले आणतील. शास्त्री नगरवाल्यांना वाटलं, आपले आहेत, येतील. पंढरीनाथ बसनं आले, मग मेट्रोनं, मग चालत. दार बंद व्हायला आलं होतं. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. आल्या आल्या कोणी पाणी विचारलं नाही, कारण सगळे बाहेर सेल्फी घेत होते. त्यांनी चिठ्ठी उचलली, खूण केली, घडी घालून बस्सीच्या डब्यात टाकली. त्या डब्यात ती तिसरी चिठ्ठी.

शास्त्री नगर उमाकांतरावांना गेलं. मानसरोवर अभिजितला. मग बस्सीचा डबा उघडला. मोजायला तीन बोटं पुरली. दोन अभिजितला, एक उमाकांतरावांना.

 मग मानसरोवरच्या मुलांनी इतका गोंगाट केला की शाळेचा चौकीदार धावत आला. पंढरीनाथांच्या खांद्यावर हात टाकून फोटो झाले. अभिजित तर वाकून पायाच पडला. “काका, तुम्ही तर ‘बघू’ म्हणाला होतात!”

“फोन दाखव म्हणालो होतो,” पंढरीनाथ म्हणाले. पण त्या गोंगाटात त्याला ते ऐकू गेलं नाही.

उमाकांतराव सावकाश जवळ आले. माणूस सभ्य, पण लागलं होतं. “पंढरीनाथ, अहो, तुम्ही तर आमचे होतात.”

“हो.”

“मग?”

“तुमचा होतो, म्हणून तुम्ही आलाच नाही जी.”

“अहो, आपल्या माणसाकडे काय प्रचाराला यायचं?”

“प्रचाराले नाही म्हणत मी,” पंढरीनाथ म्हणाले.  उमाकांतरावांनी पंढरीनाथांचा हात हातात घेतला, दाबला आणि ते निघून गेले.

जल्लोष जेवायला हॉटेलात गेला. पंढरीनाथांना कोणी ‘चला’ म्हटलं नाही असं नाही. दहा जणांनी म्हटलं. पण गाड्या भरत गेल्या, आणि ज्यानं त्यानं समजून घेतलं की ते दुसऱ्या गाडीत आहेत. वळून पाहते तर शाळेच्या पायरीवर ते आणि मी.

आम्ही रिक्षा केली. नारायण सिंह सर्कलवरून बस्सीची बस मिळते. बस लागायची होती. आम्ही लस्सीच्या दुकानासमोरच्या बाकावर बसलो.

“रागानं केलंत?” मी विचारलं.

“नाही जी. पहिले दोन दिवस आला होता राग. मग गेला.” ते रस्त्याकडे पाहत होते. “मानसरोवरात एवढी घरं. त्यांच्या मताले भाव नाही, कारण त्यांचं ठरलेलं. माझ्या एका घराले भाव, कारण मी ठरवत नाही. आणि मी काहून ठरवत नाही? ठरवायला अक्कल नाही म्हणून नाही. ठरवलं की कोणी यायचं नाही म्हणून. मी सगळ्या मंडळाले तीन-तीन वर्षं टांगून ठेवलं, कशासाठी, तर दोन खुर्च्या भराव्या म्हणून. त्या अभिजितचं बरोबर हाय.”

“पण माणसं तर येत होती ना तुमच्याकडे.”

“बस्सीकडं येत होती. मी समजलो, माझ्याकडं. जयंती असती तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तिनं.”

“आता कोणी नाही आलं तर?”

“नाही आलं तर नाही आलं.” हे त्यांनी घोटून पाठ केलेल्या वाक्यासारखं म्हटलं, एका सुरात. नव्या नटाचं पहिलं वाक्य असंच येतं. शब्द बरोबर, श्वास चुकलेला.

बस आली. खिडकीतून त्यांनी हात केला आणि लगेच मान फिरवली.

त्यानंतर उन्हं चढली. अभिजितनं मंडळाची सभा घेतली, विभाग बंद झाले, सगळ्यांच्या फोनवर ते ॲप आलं. पंढरीनाथ सभेला नव्हते. त्यांनी फोनवरूनच संमती दिली, आणि ते तसं करू शकले म्हणून सगळ्यांनी त्या ॲपचं कौतुक केलं. आता त्यांना कशासाठीच जयपूरला यावं लागणार नव्हतं.

एका मंगळवारी मी टॅक्सी केली आणि सकाळीच बस्सीला गेले. आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी खुर्च्या मांडल्या असत्या.

गेटचा आवाज ऐकून ते बाहेर आले. घरचा बनियन, खांद्यावर पंचा. मला पाहून गडबडले, आत जाऊन शर्ट घालून आले. मग माझ्या मागे टॅक्सीकडे पाहिलं.

“अजून कोण कोण आलं?”

“मी एकटीच.”

“या, या. बसा.” पंखा लावला. पाणी आणलं. समोर बसले, हात गुडघ्यांवर. “बोला जी. काय काम काढलं?”

“काही नाही. आले सहज.”

ते हसले. “सांगा न. संकोच नका करू.”

“खरंच काही नाही.”

चहा झाला. या वेळी त्यांनी मला ओट्याजवळ जाऊ दिलं नाही. ते स्वयंपाकघरातून मोठ्यानं विचारत होते. “गणपतीचं काही हाय काय?” नाही. “कोणत्या कार्यक्रमाले अध्यक्ष पाहिजे असेल. मी नाही बोलू शकत जी स्टेजवर.” नाही हो. “अभिजितनं पाठवलं?” नाही. प्रत्येक ‘नाही’नंतर भांड्यांचा आवाज थोडा वाढत होता.

मग मी अकोल्याचा विषय काढला. तिथल्या थिएटरात आमचे किती प्रयोग झाले, उन्हाळ्यात मेकअप कसा वितळायचा, विंगेत ओल्या पोत्यांवर आम्ही कशा उभ्या राहायचो, ते सांगत बसले. पंढरीनाथांनी त्या थिएटरच्या बाहेर मिळणाऱ्या दह्याचं वर्णन केलं, आणि जयंतीबाईंना पाहायला गेले होते तेव्हाचा एक किस्सा सांगितला, ज्यात ते चुकून शेजारच्या घरी जाऊन पोहे खाऊन आले होते. मी पोट धरून हसले. तेही हसले. पण मधूनमधून, हसता हसता, त्यांचे डोळे माझ्या पर्सकडे जात होते. तिच्यातून आता काहीतरी कागद निघेल, पावतीपुस्तक निघेल, मी मूळ मुद्द्यावर येईन, याची ते वाट पाहत होते. वाट पाहताना माणूस पुरता बसत नाही, कडेवर बसतो, तसे ते बसले होते.

ऊन डोक्यावर आलं. टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. पंढरीनाथ गेटपर्यंत आले, आणि मी टॅक्सीचं दार उघडलं तेव्हा त्यांच्याच्यानं राहवेना.

“कामाचं तर राहिलंच जी!”

चेहऱ्यावर नुसती काळजी होती. मी आलेच कशाला, हे त्यांना दिवसभर सुटणार नव्हतं. रात्री संपदाचा फोन आला तर ते तिलाही हेच सांगत बसले असते. माणूस काम नसताना येतो, हे त्यांना एकदम पचणार नव्हतं. मलाही ते एका खेपेत पटवता येणार नव्हतं.

मी कपाळावर हात मारला. जरा मोठाच मारला, जुनी सवय.

“अगबाई, राहिलंच की हो! आता उन्हाचं कुठे पुन्हा बसते. पुढच्या मंगळवारी येऊन सांगते.”

त्यांचे खांदे उतरले. इतका वेळ ते चढलेले होते, हे मला तेव्हा दिसलं.

“महत्त्वाचं हाय काय?”

“आहे थोडं.”

“बरं,” ते म्हणाले. “मी घरीच हाय.”